फर्म्यात न बसलेला चैत्र

कडुनिंबाचा मोहोर ओट्यावर सांडायला लागला की त्याचा वास घरभर पसरतो. इतरांना त्या वासाबरोबर गुढी आठवत असेल, कैरीचं पन्हं आठवत असेल. मला आठवतात केळीची पानं, भर दुपारी मधल्या शिरेवर मिटून गेलेली, कडेनं तांबूस पडलेली. ऐंशी उलटून गेली. शेती मुलांनी वाटून घेतली. मी नंदुरबारला धाकट्याकडे राहते, घरात नळाला पाणी येतं. तरी चैत्रात डोळा उघडला की पहिला विचार येतो तो पाण्याचा, आज किती आहे आणि कुणाला पुरेल.

यंदा हा विचार करणारी घरात मी एकटी नव्हते. नात तेजल पुण्याहून आली होती. ती कॉम्प्युटरचं काम करते आणि आता ते घरूनही करता येतं. झोक्यावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप ठेवून ती बसायची. दोन दिवस मी पाहत होते, पोरगी ताटावर बसून घास हातात तसाच धरून ठेवायची. फोनवर कुणाला तरी म्हणायची, "नाही, पुन्हा तिथेच अडकलं." शेवटी मी विचारलं, तुझं अडतंय तरी काय?

तिनं मला समजेल असं सांगितलं. नवा कॉम्प्युटर म्हणजे कोरं यंत्र. तो चालवायला आत एक मूळ व्यवस्था बसवावी लागते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. ती बसवून देणारा वेगळा प्रोग्राम असतो, त्याला इन्स्टॉलर म्हणायचं. तेजलचं काम या इन्स्टॉलरचं. कितीतरी शाळांमधले जुने-नवे कॉम्प्युटर जूनच्या आत त्यानं तयार व्हायचे होते.

"गेल्या वर्षी हाच इन्स्टॉलर सुरळीत चालत होता, बा," ती म्हणाली. ती मला बा म्हणते. "त्यातलं एक अक्षर कुणी बदललं नाही. तरी आता चालत नाही."

"मग बिघडलं काय?"

"बिघडलं काहीच नाही. त्याच्या खालचं बदललं. नव्या मशीनमधली डिस्क वेगळ्या जातीची आहे, तिला हाक वेगळ्या नावानं मारावी लागते. मशीन सुरू व्हायची पद्धत बदलली. पूर्वी जे सामान एका गाठोड्यात यायचं त्याची आता दोन गाठोडी झाली, आणि आमचा इन्स्टॉलर अजून जुन्याच नावाचं गाठोडं शोधत बसतो. जे जे खालून बदलेल ते ते त्याला शिकवत राहावं लागतं. आम्ही उशीर केला. आणि वाईट म्हणजे तो सुरुवातीला थांबत नाही, मध्ये थांबतो. जुनं सगळं पुसून झालेलं असतं आणि नवं उभं राहिलेलं नसतं."

ती पुन्हा पडद्याकडे वळली. तिच्या शेवटच्या वाक्यानं मात्र मला पार साठ वर्षं मागं, तापीकाठच्या एका विहिरीवर नेऊन उभं केलं.

माझं सासर तापीच्या उत्तर काठावर. सारंगखेड्याहून सकाळी गाडी जुंपली तर न्याहारीला पोचावं एवढ्या अंतरावर. आम्ही गुजर. घरात गुजरी बोलायचो, शिवारात अहिराणी, आणि मराठी शाळेत नि कचेरीत. घरातलं बोलणं मी इथे साध्या मराठीतच लिहिते. विहिरीवर इंजिन बसवायला आलेल्या सुपडू मिस्तरींचं बोलणं मात्र अहिराणीतच ठेवते, कारण दुसऱ्या बोलीत ते मला ऐकूच येत नाहीत.

घरात सासरे, त्यांना सगळे बापूजी म्हणत. माझे यजमान नरोत्तम. त्यांचं नाव घ्यायला आता या वयात लाज वाटत नाही. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. शेतात एक खोल विहीर, तिच्यावर चामड्याची मोट. बैल उतारावरून खाली चालत जायचे, नाडा ताणला जायचा, मोट भरून वर यायची आणि भसकन थारोळ्यात, काठावरच्या दगडी हौदात, रिती व्हायची. बैल मागं हटवत आणायचे, पुन्हा तेच. बापूजींचं सगळं आयुष्य त्या उतारावर गेलेलं. हट् म्हणायचीही त्यांना गरज पडत नसे. त्यांनी नुसता कासऱ्याला हात लावला की जोडी वळायची.

त्या सालात सगळीच मापं हलत होती. शेर जाऊन किलो आले होते. कापडाच्या दुकानात वार आणि मीटर यांवरून बायका भांडत. साठ-एकसष्टचा सुमार असेल. नरोत्तमांनी त्या वर्षी केळी दुपटीनं लावली होती. एवढ्या केळीला मोट पुरणार नाही हे त्यांना लावतानाच ठाऊक होतं. उन्हाळ्याच्या आत विहिरीवर ऑइल इंजिन बसवायचं, असा त्यांचा हिशोब. बापूजी नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.

इंजिन बसवायला रनाळ्याचे सुपडू मिस्तरी आले. सडपातळ माणूस, सायकल, आणि सायकलच्या दांडीला गोणपाटात गुंडाळून बांधलेला एक लाकडी फर्मा. इंजिनाच्या पायांच्या मापाची ती सागाची फळी, चार कोपऱ्यांना चार भोकं. पायाच्या खड्ड्यावर फर्मा ठेवायचा, भोकांतून लांब बोल्ट खाली सोडायचे, सिमेंट ओतायचं. सिमेंट धरलं की फर्मा काढून घ्यायचा. इंजिन आलं की अलगद त्या बोल्टांवर बसवायचं. रनाळ्यात, कोरीटला, काठाच्या कितीतरी गावांत त्यांनी असंच इंजिन बसवलं होतं.

"इंजिन येवाना पहिले मी त्यानी जागा करी ठेवस," ते मला म्हणाले. मी चहा घेऊन गेले होते. "ते उनं का नुसतं बसाडनं."

प्रश्न जागेचा निघाला. विहिरीला दगडी बांधणी एकाच अंगाला होती, पूर्वेला, आणि तिथेच मोट उभी होती. बाकी तिन्ही बाजूंना काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. धडधडणारं इंजिन त्या मातीवर टिकणं शक्य नव्हतं.

बापूजी म्हणाले, "ज्या दिवशी इंजिन पाणी काढेल, त्या दिवशी मोट काढा."

"बापूजी, जागा एकच शे," मिस्तरी म्हणाले. "दोन्ही नही मावतस."

नरोत्तमांनी मिस्तरींकडे बघून होकाराची मान हलवली. बापूजींनी ते पाहिलं. मग कुणाला हात लावू न देता त्यांनी स्वतः नाडा सोडला, चाक उतरवलं, मोट झटकून उन्हात पालथी घातली. आदल्या दिवशी आम्ही केळीला पोटभर पाणी दिलं होतं. आठ-दहा दिवस निभेल, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. पाया ओतला, त्यावर ओली गोणपाटं घातली. मी सकाळ-संध्याकाळ घागरीनं ती भिजवत होते. जमिनीतून वर आलेले चार बोल्ट मला जमिनीत पुरलेल्या माणसाच्या बोटांसारखे दिसायचे आणि मी नजर काढून घ्यायचे.

इंजिन आगगाडीनं नंदुरबारला आलं आणि तिथून बैलगाडीनं. तापीत उतारानं, म्हणजे पाणी उथळ असतं तिथून, गाडी घालायची. चैत्रात पाणी गुडघाभरच असतं, पण खालची वाळू दरवर्षी जागा बदलते. आम्ही बायका काठावर उभ्या होतो. खरबुजाच्या वाड्यांजवळून गाडी पाण्यात शिरली, निम्म्यावर आली, आणि डावं चाक वाळूत बसलं. इंजिनाची पेटी कलली. गडी पाण्यात उड्या टाकून खालून खांदे देऊ लागले. नरोत्तम पेटीच्या खालच्या अंगाला होते, जिकडे ती पडली असती तिकडे. मी पदर तोंडात धरला होता. वरून ऊन, नुसता बैलांचा श्वास ऐकू येत होता. मग चाक हललं. गाडी वर आली तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले, हसायला लागले. आम्हाला वाटलं, जे व्हायचं ते संकट होऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांबूंना दोर बांधून गड्यांनी इंजिन उचललं. "हळू, हळू" म्हणत खाली सोडलं. मागचे दोन बोल्ट भोकांतून वर आले. पुढचे दोन आले नाहीत. मिस्तरींना वाटलं, बोल्ट वाकडे झाले असतील. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. मग त्यांनी इंजिन बाजूला ठेवायला सांगितलं, गोणपाट सोडून फर्मा काढला आणि इंजिनाच्या पायांवर धरला. इंजिनाची पुढची भोकं अंगठाभर सरकलेली होती.

ते तसेच खाली बसले. फर्म्यावरून हात फिरवत राहिले.

"इंजिन बदली गयं," ते म्हणाले. "मांगला साल लगून हाऊच फर्मा बराबर बसे. त्यास्नी इंजिनना पाय बदली टाकात."

नरोत्तमांनी त्यांना पुन्हा मोजायला लावलं. मग स्वतः मोजलं. वेष्टनाची पेटी उलटून पाहिली, तिच्यावर नाव तेच, चित्र तेच. कुणावर तरी रागवायला हवं होतं आणि तसं कुणी सापडत नव्हतं. फर्मा खोटा नव्हता, इंजिनात खोट नव्हती. कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात कुणीतरी, बहुतेक नव्या मापांच्या सोयीसाठी, दोन भोकं थोडी सरकवली होती. त्याला आमची विहीर माहीत नव्हती.

आता पाया फोडायचा, नवा ओतायचा, पुन्हा वाट पाहायची. आणि मोट तर मोडलेली.

त्या दिवशी दुपारी केळीनं पानं मिटली ती संध्याकाळी उघडली नाहीत.

बापूजींनी सांगितलं, मोट पश्चिमेच्या अंगाला उभी करतो. ती काळी माती सगळ्यांना ठाऊक होती. नरोत्तम म्हणाले, "तिथे नको, बापूजी."

"मग कुठे?" बापूजींनी विचारलं. नरोत्तम कुदळ आणायला गेले. बाभळीचे दोन खांब खोल गाडले, मागून दोरानं ताणले, उतार घाईनं खणला. एकाच जोडीला पेलेल एवढी लहान मोट लावली. पाणी येऊ लागलं, पण सवडीनं, तहानलेल्याच्या तोंडात चमच्यानं घालावं तसं.

सरीत पाणी धरायला मी होते. बापूजींनी मला जवळ बोलावलं. "कमळा, एवढं पाणी सगळ्यांना पुरणार नाही. कुठली वाचवायची ते तू ठरव. तू रोज त्यांच्यात असतेस."

असं काही मला त्या घरात पहिल्यांदाच कुणी ठरवायला सांगितलं होतं, आणि ते हे असं. मी मळ्यात फिरले. नदीकडच्या अंगाची केळ निसवली होती, घडांनी माना बाहेर काढल्या होत्या. बांधाकडची अजून लहान होती. लहान केळ नंतर पुन्हा लावता येईल, असं मी मनाशी म्हटलं. मोठं ढेकूळ उचललं आणि बांधाकडच्या सरीचं तोंड बुजवलं. त्यावर पायानं माती दाबली. वळून बघितलं नाही. पण त्या अंगानं पानांचा कोरडा आवाज येत होता, तो पाठीला लागत होता.

मिस्तरी फर्मा घेऊन सायकलवर नंदुरबारला गेले, इंजिन जिथून आलं त्या दुकानी. दुसऱ्या दिवशी दुपारी आले ते उन्हानं काळवंडून. दुकानदाराचं म्हणणं, आता सगळी इंजिनं अशीच येणार, आणि पुढची कशी येतील ते त्यालाही माहीत नाही. इंजिनाबरोबर आलेल्या पंपाचंही तसंच निघालं. त्याच्या नळाचे आटे नव्या मापाचे होते, आम्ही आधीच आणून ठेवलेले नळ त्यात बसत नव्हते. मिस्तरींनी नवे जोड बरोबर आणले होते. वाटेत त्यांनी आणखीही एक विचार केला होता.

"आते बोल्ट पयले गाडाना नही," ते नरोत्तमांना सांगत होते. "पायामा नुसता खड्डा ठेवसू. इंजिन वर ठेवसू, बोल्ट त्याना पायमाईन खाल सोडसू, मंग खड्डा भरसू. आते इंजिनले इचारीसनच पाया भरसू."

नरोत्तमांनी ऐकून घेतलं आणि छिन्नी उचलली. जुना पाया फोडण्याचं काम दोघं मिळून करत होते. सिमेंट आमच्या अंदाजाहून चांगलं धरलं होतं. इतर वेळी ते कौतुकाचं झालं असतं.

पडझड झाली ती भर दुपारी. मी सरीत होते. ओलं लुगडं जोरात फाटावं तसा आवाज झाला. मान वर केली तर पश्चिमेचा एक खांब विहिरीकडे झुकत होता आणि त्याच्या बुडाशी जमीन उघडत होती. नाडा जोडीला मागं, विहिरीकडे ओढत होता. बैलांचे खूर मातीत रुतत घसरत होते. बापूजींना बाजूला होता आलं असतं. ते पुढं धावले, जुवाखाली वाकले, आणि जुवाच्या दोन्ही शिवळा, बैलांच्या मानेजवळच्या खुंट्या, काढल्या. बैल सुटले. त्याच क्षणी दुसरा खांब उपटून आला आणि बापूजींच्या कमरेवर बसला.

मोट, चाक, एक खांब, आणि घमेलंभर नव्हे तर गाडीभर माती विहिरीत गेली. बैल थोड्या अंतरावर थरथरत उभे होते. बापूजी उतारावर पडले होते. डोळे उघडे होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी आधी बैलांकडे बघितलं.

खाटेसकट त्यांना गाडीत घालून शहाद्याला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, बसतील, काठीनं चार पावलं टाकतील, याच्या पुढचं काही सांगता येत नाही. परत आल्यावर नरोत्तम सरळ विहिरीवर गेले. मिस्तरी एकटेच पाया फोडत होते.

"तुमच्या फर्म्यानं माझ्या बापाचा पाय घेतला," नरोत्तम म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना.

मिस्तरींनी छिन्नी खाली ठेवली. मग सायकल घेऊन निघून गेले. मला वाटलं, हा माणूस आता येत नाही.

सकाळी सायकल दारात होती. ते विहिरीवर जाऊन कामाला लागलेही होते. त्या दिवसापासून इंजिन चालू होईपर्यंत नरोत्तम त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. दोर हवा असला तर गड्याला सांगत, त्याला सांग. मिस्तरीही गड्यालाच उत्तर देत. दोघं हातभर अंतरावर वाकून काम करत असत.

आता थेंबभरही पाणी येत नव्हतं. गल्लीतल्या बायका आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही तापीवरून हंडे भरून तो उंच काठ चढायचो आणि निसवलेल्या केळीच्या बुडाशी ओतायचो. माती ते एका घोटात प्यायची. डोक्यावर चुंबळ होती तरी टाळूची कातडी सोलली. एकदा निम्म्या चढावर माझी पावलं थांबली, पुढं जाईनात. मागून येणारी म्हणाली, "चाल वं माय, तू थांबनी ते बठ्ठा थांबतीन." सगळ्याच थांबल्या असत्या. मी चालले.

नव्या पायावर इंजिन ठेवलं, बोल्ट त्याच्या पायांतून खाली खड्ड्यात सोडले, खड्डे भरले. मग पुन्हा वाट. सिमेंटला कुणाची घाई कळत नाही. मिस्तरी रोज सकाळी खिळ्यानं टोकून बघायचे आणि मान हलवायचे. मला त्या मान हलवण्याचा राग यायचा. एके दिवशी त्यांनी मान हलवली नाही, खिळा खिशात टाकला आणि हँडल उचललं.

इंजिन पहिल्याच झटक्यात पेटलं. धूर, डिझेलचा वास, आणि ती धपधप. खाली विहिरीतल्या कट्ट्यावरचा पंप पट्ट्यानं फिरू लागला. नळाच्या तोंडाशी आम्ही सगळे जमलो. पाणी आलं नाही. नुसता फुस्स असा वारा. मिस्तरी वाकून पंपाकडे बघत राहिले, मग इंजिनाकडे, आणि त्यांनी इंजिन बंद केलं. नवं इंजिन जुन्या इंजिनांच्या उलट अंगानं फिरत होतं. म्हणजे पंपही उलटा.

मी नरोत्तमांकडे बघितलं. त्यांचे हात नुसते लोंबत होते.

मिस्तरींनी पट्टा उतरवला. मध्ये आढी देऊन, फुलीसारखा उलटा चढवला. पंपात वरून पुन्हा पाणी भरलं. हँडल मारलं. नळातून आधी वारा आला, मग गढूळ गुळण्या, मग माती धुऊन गेलेलं जाड पाणी. सरीतून ते पळत निघालं. त्याच्याबरोबर मीही निघाले, आणि बांधाकडच्या सरीशी जाऊन ते ढेकूळ काढलं. तिथली केळ गेली होती. तरी पाणी सोडलं. का, ते सांगता येणार नाही.

तेजलला मी हे सगळं चार-पाच दुपारी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. तिचं कामही चालू होतं. मधूनच ती म्हणायची, "थांब बा, एक मिनिट," आणि बोटं चालवायची. तिच्या चेहऱ्यावरचा ताण मला ओळखीचा वाटायचा. दुसऱ्याच्या घरातलं सामान आपल्या हातात आहे आणि त्याच्या खाली काय सरकेल ते आपल्या हातात नाही, असा तो ताण. शेवटी तिनं एक जुनं मशीन आणि एक नवं मशीन समोरासमोर ठेवलं आणि मला बोलावलं. आता तिचा इन्स्टॉलर काही पुसण्याआधी खाली काय आहे ते सगळं विचारून घेत होता. नवी व्यवस्था वेगळ्या जागी बसवायची, ती एकदा धड सुरू झाली की मगच जुनीला हात लावायचा. पडद्यावर पट्टी सरकत होती. तेजल नखं खात होती. मीही पदराचं टोक पिळत होते. पट्टी पुरी झाली, मशीन बंद झालं, काळं झालं, आणि उजळलं.

"झालं?" मी विचारलं.

"या दोन्हींवर झालं. उद्या तिसऱ्यावर. आणि सहा महिन्यांनी पुन्हा काहीतरी बदलेल."

ती हे वैतागून म्हणाली नाही. भाकरी रोज करावी लागते असं म्हणावं तसं म्हणाली.

मिस्तरींचंही पुढं तसंच झालं. पुढच्या वर्षांत वीज आली, इंजिनांच्या जागी मोटारी आल्या, बोल्टांबरोबर तारा आल्या. म्हातारपणीही ते नव्या मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्याशिवाय पान्हा उचलत नसत. लोक म्हणत, मिस्तरींचा आता पहिल्यासारखा झपाटा राहिला नाही. मला त्या फेऱ्या ठाऊक होत्या.

विहिरीवर इंजिनाचं पाणी चालू झालं त्या दिवशी मी धावत घरी आले. बापूजी ओसरीवर खाटेला खिळलेले. इंजिनाचा आवाज तिथपर्यंत पोचत होता.

"किती वाचली?" त्यांनी विचारलं.

"निम्मी."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "मिस्तरींना बोलाव."

मिस्तरी आले आणि ओसरीच्या पायरीखालीच उभे राहिले. हातांना तेल होतं, ते मागं धरलेले. बापूजींनी त्यांना वर यायला सांगितलं.

"पुढच्या साली शेजारच्या मळ्यात इंजिन येणार म्हणतात. तू आत्ता जे शिकलास त्यानं ते बसेल ना?"

हो म्हणणं सोपं होतं. त्या खाटेपुढं तर हो म्हणण्याशिवाय दुसरं काही सुचलं नसतं कुणाला. मिस्तरींनी विचार केला.

"सांगता नही येत, बापूजी. तवय इंजिन कसं ऱ्हाई, माले काय माहीत."

"मग काय करशील?"

"येसू. पयले दखसू, मोजसू. मंग बसाडसू."

नरोत्तम तेवढ्यात पायरीपर्यंत आले होते. मिस्तरींना बघून तिथेच थांबले, परत फिरायला निघाले.

"नरोत्तम, हात धुऊन ये," बापूजी म्हणाले. "कमळा, दोघांची ताटं इथेच लाव, शेजारी शेजारी. आणि मला उठवून बसवा. मीही जेवतो."

नरोत्तम हात धुऊन आले. मिस्तरींसाठी पाट सरकवताना त्यांनी तो आपल्या पाटाला भिडवून ठेवला. मग आम्ही तिघांनी मिळून बापूजींना उठवून बसवलं. उजवीकडून नरोत्तम, डावीकडून मिस्तरी, मागून मी.